साठ मीटर उलट्या दिशेने: दोषातला वाटा आणि भरपाईतली कपात

घटनास्थळ पंचनाम्यातलं एक वाक्य या प्रकरणाच्या शेवटपर्यंत आमच्याबरोबर राहिलं. हवालदारांनी लिहिलं होतं: "डांबरी रस्त्यावर फूटपाथच्या कडेपासून सुमारे 4 फुटांवर मटकीची उसळ सांडलेली व स्टीलचा डबा चेपलेल्या स्थितीत मिळून आला." पुढे याच उसळीवरून विमा कंपनीच्या वकिलांनीही युक्तिवाद केला आणि मीही केला.

प्रकरण पुण्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातलं. मी अर्जदारांची वकील होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. कायद्याचे मुद्दे मात्र जसे आले तसेच मांडते.

पार्श्वभूमी

अर्जदार बाईंना आपण ताई म्हणू. वय 38, सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं घरगुती पोळी-भाजी केंद्र. रोजचे चाळीसेक डबे. सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांचे अकरा डबे पावणेसातच्या आत पोचवायचे असत, ते त्या स्वतः गाडीवरून नेत. एक पिशवी पायाशी आणि दुसरी मागे बसलेल्या भाचीच्या मांडीवर. भाची 19 वर्षांची, शिकायला मावशीकडे राहिलेली.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलं की नियमाप्रमाणे डावीकडे वळायचं, सिग्नलपर्यंत जायचं, यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. जाऊन-येऊन पावणेदोन किलोमीटर. उजवीकडे मात्र साठ मीटरवर दुभाजकाला कट आहे. पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. ताई रोज उजवीकडे वळायच्या आणि फूटपाथच्या कडेकडेने उलट्या दिशेने कटपर्यंत जायच्या.

2022 च्या पावसाळ्यात एका सकाळी पाण्याच्या जारच्या गोदामातून एक छोटा टेम्पो बाहेर आला. गोदामाचं दार त्याच फूटपाथला लागून, म्हणजे ताईंच्या उजव्या हाताला. टेम्पोला डावीकडे वळायचं होतं. चालक बघत होता उजवीकडे, जिकडून गाड्या यायच्या तिकडे. ताई येत होत्या डावीकडून. टेम्पोचा पुढचा डावा कोपरा त्यांच्या उजव्या पायावर बसला. नडगीची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड घालावा लागला, गुडघा पुरता वाकेनासा झाला. भाची उडून पडली, तिचं मनगट मोडलं. दोघींपैकी कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

पोलिसांनी टेम्पोचालकावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 279 आणि 338 खाली, म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत, असा गुन्हा नोंदवला.

अडचण

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा वॉकरवर होत्या, सोबत दीर. दिरांनी आधीच ठरवून टाकलं होतं: "मॅडम, अर्जात लिहा की वहिनी आपल्या बाजूने सरळ चालल्या होत्या. विरुद्ध दिशा म्हटलं की एक रुपया मिळणार नाही." ताई मधे बोलल्या नाहीत. पंचनाम्याची प्रत मात्र त्यांनीच पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली.

दिरांची ही समजूत सर्रास आढळते आणि तिची मुळं जुनी आहेत. इंग्लंडमध्ये 1809 साली बटरफिल्ड विरुद्ध फॉरेस्टर नावाचा खटला झाला. एकाने घराच्या कामासाठी रस्त्यात आडवा दांडा टाकला होता. संधिप्रकाशात घोडा भरधाव नेणारा माणूस त्यावर आपटला. घोडा सावकाश नेला असता तर दांडा दिसला असता, म्हणून त्याला काहीच मिळालं नाही. जखमी माणसाची स्वतःची हयगय निघाली की दावा संपला, असा तो नियम. इंग्लंडने 1945 साली कायदा करून तो मोडला आणि दोषाच्या प्रमाणात भरपाई कापायची पद्धत आणली. आपल्याकडे तसा केंद्रीय कायदा नाही, तरी मोटार अपघातांच्या दाव्यांत न्यायालयं प्रमाणातच कपात करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 मध्ये शब्द आहे "न्याय्य" भरपाई. आपल्या दोषाचा वाटा वजा करून उरलेलं समोरच्याने द्यायचं, हा त्याचाच अर्थ. कोर्टात याला सगळे कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्सच म्हणतात. मी अशिलाला समजावताना "दोषातला वाटा" म्हणते.

त्यामुळे खरी अडचण रुपया मिळेल की नाही, ही नव्हती. वाटा किती धरला जाईल, ही होती. आणि तो कशावरून धरायचा, यावरच पुढची सव्वादोन वर्षं गेली.

विमा कंपनीच्या कैफियतीत तीन आरोप होते. उलटी दिशा. हेल्मेट नाही. पायाशी पिशवी ठेवल्यामुळे उजवा पाय गाडीबाहेर होता. आणि म्हणून निम्मा दोष अर्जदाराचा.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय अर्जातल्या कथनाचा. पंचनाम्यात गाडीचं तोंड कुठे होतं ते स्पष्ट होतं, दवाखान्यात घेतलेल्या जबाबातही "विरुद्ध दिशेने जात असताना" हे शब्द होते. दिरांच्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं असतं तर उलटतपासणीच्या पाचव्या मिनिटाला ताई खोट्या ठरल्या असत्या, आणि मग टेम्पो न थांबता आला हे त्यांचं खरं म्हणणंही कुणी ऐकलं नसतं. पण मुद्दा तेवढाच नव्हता. खोटं शपथपत्र मी करून देत नाही, हे दिरांना मी सरळ सांगितलं. ते जरा नाराज झाले. ताई म्हणाल्या, "जे झालं ते लिहा."

दुसरा पर्याय मोटार वाहन कायद्याच्याच कलम 164 चा. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या या कलमाखाली कुणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापत असल्यास अडीच लाख अशा ठरलेल्या रकमा. दोषातल्या वाट्याचा प्रश्नच येत नाही. ज्याचा दोष मोठा आणि नुकसान बेताचं, त्याला हा रस्ता सोयीचा. ताईंची नुसती दवाखान्याची बिलंच 3,12,800 रुपयांची होती. तेव्हा कलम 166 खाली, म्हणजे चूक सिद्ध करून दावा करायचं ठरलं. त्याच तारखेपासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची अटही आली आहे. आम्ही नोव्हेंबरमध्ये, मुदतीत अर्ज केला.

तिसरा निर्णय भाचीचा, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा. गाडी मावशी चालवत होती, भाची नुसती मागे बसली होती. तिचा स्वतःचा दोष काही नाही. तिच्या बाजूने बघितलं तर दोन जणांच्या चुकीने तिचा हात मोडला: टेम्पोचालकाच्या आणि मावशीच्या. याला म्हणतात कॉम्पोझिट नेग्लिजन्स, एकत्रित निष्काळजीपणा. नाव ऐकायला सारखं, परिणाम उलटा. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली टी. ओ. अँथनी प्रकरणात या दोहोंतला फरक मांडला आणि 2015 साली खेन्येई प्रकरणात स्पष्ट केलं की अशा जखमीला दोषींपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते. त्या दोघांनी आपसातला हिशोब नंतर मिटवावा.

म्हणजे भाचीने फक्त टेम्पोवाला आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर दावा केला तरी चालणार होतं. की मावशीलाही सामनेवाला करायचं? हा विषय निघाला तेव्हा ऑफिसात शांतता पसरली. भाचीची आई गावाहून आलेली होती, ती म्हणाली, "मावशीवर केस? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील हा माझा प्रश्न नव्हता. ताईंच्या गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. दुचाकीवर मागे फुकट बसलेल्या माणसाची जोखीम अशा किमान विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या तिलक सिंग प्रकरणात सांगितलं आहे. मावशीला पार्टी केलं असतं तर तिच्या वाट्याचे पैसे विमा कंपनीने नव्हे, मोडक्या पायाच्या मावशीनेच भरायचे होते. आम्ही भाचीचा स्वतंत्र अर्ज केला आणि मावशीला त्यात घेतलं नाही.

चौथा पर्याय वर्षभराने समोर आला. लोकअदालतीत विमा कंपनीने ताईंना 6 लाख एकरकमी देऊ केले. माझा हिशोब असा होता: निम्मा दोष धरला तरी 8 लाखांच्या खाली जायचं कारण नाही. पण हिशोब कागदावर असतो आणि दुकानाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. ताईंनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी फोन आला: "थांबते. दीर देतील तोवर." मी त्यांना थांबा असं सांगितलं नव्हतं, दोन्ही बाजूंचे आकडे लिहून दिले होते. निर्णय त्यांचा.

हेल्मेट आणि पिशवी

हेल्मेटचा आरोप ऐकायला सगळ्यात दणदणीत. कलम 129 प्रमाणे हेल्मेट सक्तीचं आहे, आणि 2019 च्या जानेवारीत पुण्यात सक्ती कडक झाली तेव्हा किती आरडाओरडा झाला ते कुणी विसरलेलं नाही. पण दंडाची पावती फाडायला जे पुरतं ते भरपाई कापायला पुरत नाही. नियम मोडला आणि त्या मोडण्यामुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली, असा धागा जोडून दाखवावा लागतो. हेल्मेट घातलं असतं तरी टेम्पो थांबला नसता. आणि नडगीही वाचली नसती. ताईंच्या डोक्याला साधं खरचटलंही नव्हतं.

इथे 2020 च्या मोहम्मद सिद्दिकी प्रकरणाचा आधार घेतला. त्यात मोटारसायकलवर तिघं बसले होते आणि उच्च न्यायालयाने तेवढ्यावरून 10 टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली: तिघं बसणं बेकायदा खरं, पण त्यामुळे अपघात घडला किंवा आघात वाढला असं दिसत नसेल तर त्याला दोषातला वाटा म्हणता येत नाही. परवाना नसण्याबद्दल 2008 च्या सुधीर कुमार राणा प्रकरणातही हाच सूर आहे. ताईंच्या डोक्याला मार असता तर मात्र हेल्मेटचा मुद्दा मला असा झटकता आला नसता.

पिशवीचा आरोप जास्त चलाख होता. पायाशी डब्यांची पिशवी असली की पाय बाहेर लोंबतात, हे आपण सगळे रोज बघतो. उलटतपासणीत प्रश्न आला तेव्हा ताईंनी साक्षीच्या पिंजऱ्यातच दोन्ही हात पुढे करून दाखवलं: "पिशवी मधे. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आतच असतात. बाहेर ठेवले तर ब्रेक मारताना तोल जातो." बारा वर्षं डबे पोचवणाऱ्या बाईचं हे उत्तर कुणी पढवलेलं नव्हतं. अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांनीही मार बाजूने थेट बसल्याचं सांगितलं. पाय आत असता तर वाचला असता, असं कंपनीला त्यांच्याकडून वदवून घेता आलं नाही.

राहिली उलटी दिशा. इथे धागा होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नव्हता. ताई योग्य दिशेने गेल्या असत्या तर त्या क्षणी त्या जागी नसत्याच.

उसळीचा डाग आणि गोदामाची भिंत

मग लढायचं कशावर? एका रविवारी सकाळी मी टेप घेऊन त्या जागी गेले. गोदामाची कंपाउंड भिंत माणसाच्या डोक्याएवढी उंच आणि थेट फूटपाथपर्यंत आलेली. दाराशी फूटपाथ उतरता केलेला. टेम्पोच्या चालकाच्या जागेइतक्या मागे उभं राहून डावीकडे पाहिलं तर भिंतीखेरीज काही दिसत नाही. गाडीचं तोंड फूटपाथ ओलांडून पुढे आल्यावरच डावीकडचा रस्ता दिसतो. मी पाहत उभी असताना एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन त्याच बाजूने, ताई आल्या त्याच दिशेने, फूटपाथवरून चालत आले.

तिथे मला मुद्दा सापडला. टेम्पोचालकाने डावीकडे का बघायचं? कुणी उलटं येईल म्हणून नव्हे. पायी चालणारा माणूस दोन्ही दिशांनी येतो आणि त्याला दोन्ही दिशांनी यायचा हक्क आहे. आवारातून फूटपाथ ओलांडून रस्त्यावर येणाऱ्याने आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग पुढे व्हायचं. उसळीचा डाग फूटपाथपासून फक्त चार फुटांवर होता. म्हणजे ताई रस्त्याच्या मधोमध नव्हत्या, कडेला होत्या, आणि टेम्पो फूटपाथ ओलांडताच, थांबायच्या जागी न थांबता धडकला होता. ताईंच्या जागी ते आजोबा फूटपाथवरून खाली उतरलेले असते तर त्यांनाही तोच कोपरा लागला असता.

पंचनाम्यातल्या वाहनांच्या स्थितीवरून वेग किंवा हयगय ठरवता येत नाही, असं 2013 च्या जिजू कुरुविला प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, आणि विमा कंपनीने तेच पुढे केलं. पण धडकेनंतर गाडी घसरत जाते. सांडलेली उसळ जिथे पडली तिथेच राहते. आम्ही डागाचा उपयोग वेगासाठी केलाच नाही, केला तो धडकेची जागा दाखवायला.

मी वकील, साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणून भाचीने जागेचे फोटो काढले, 65-ब चं (म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडलं आणि त्यावर साक्ष दिली. टेम्पोचालकाला कंपनीने साक्षीला आणलंच नाही. दोषात वाटा आहे असं जो म्हणतो त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. तुम्ही थांबला होतात का, या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा माणूस घरी ठेवून कंपनीने आमचं काम अर्धं केलं.

उलटतपासणीतला एक तुकडा आठवतो.

"तुम्ही विरुद्ध दिशेने जात होतात, खरं का?"

"हो."

"तसं जाणं चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

कंपनीच्या वकिलांनी क्षणभर पुढचा कागद शोधला. नकार येईल, मग जबाब दाखवू, अशी त्यांची तयारी होती. नकार आला नाही. पुढचा प्रश्न मात्र आमच्यासाठी जड होता.

"टेम्पो न थांबता आला, हॉर्न वाजवला नाही, हे पोलिसांच्या जबाबात कुठेही नाही. हे तुम्ही आज पहिल्यांदा सांगताय."

"त्यांनी तेवढं विचारलं नाही."

उत्तर खरं होतं. पण कागदावर ती सुधारणा, म्हणजे मूळ जबाबात मागाहून घातलेली भर, म्हणूनच नोंदली गेली.

निवाडा

न्यायाधिकरणाने टेम्पोचालकाचा दोष 75 टक्के आणि ताईंचा 25 टक्के धरला. हेल्मेट आणि पिशवीसाठी कपात शून्य. पंचवीस टक्के फक्त उलट्या दिशेचे.

हिशोब असा झाला. ताईंनी महिना 25,000 कमाई सांगितली होती, मान्य झाली 18,000. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा व्यवसाय, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून वार्षिक 3,02,400. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात पायाचं अपंगत्व 35 टक्के होतं, पण कमाईवर होणारा परिणाम वेगळा मोजायचा असतो, तो 20 टक्के धरला. वार्षिक नुकसानाला वयानुसार कितीने गुणायचं ते सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) निकालातल्या तक्त्यात आहे, 38 वयाचा गुणक 15. म्हणजे कमाईचं नुकसान 9,07,200. त्यात बिलं 3,12,800, सहा महिन्यांची बुडालेली कमाई 1,08,000, वेदनांचे 1,00,000, आयुष्यातल्या सुखसोयी गमावल्याचे 75,000, रॉड काढायच्या शस्त्रक्रियेचे 60,000 आणि मदतनीस, आहार, प्रवास मिळून 50,000. एकूण 16,13,000. त्यातून 25 टक्के, म्हणजे 4,03,250 वजा. हातात 12,09,750, अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याजासह 14 लाखांच्या आसपास. यातली काही रक्कम मुदत ठेवीत.

कपात एकूण रकमेवर होते, हे ताईंना समजावताना मला वेळ लागला. दवाखान्याची बिलं तर खरीच भरली ना, मग त्यातून का कापलं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बिलंसुद्धा त्याच अपघाताचं नुकसान आहेत, एवढंच उत्तर मी देऊ शकले. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला. "साठ मीटरचे चार लाख. मीटरला पावणेसात हजार झाले की हो."

भाचीला 1,20,000 मिळाले, पूर्ण, कपात नाही. त्याच टेम्पोची त्याच क्षणी बसलेली तीच धडक. मावशी पक्षकार नाही म्हणून दावा चालू शकत नाही, ही कंपनीची हरकत खेन्येईचा दाखला देऊन फेटाळली गेली. कंपनी 25 टक्क्यांसाठी, म्हणजे 30,000 रुपयांसाठी, ताईंच्या मागे लागू शकते. तो धोका मी आधीच लेखी कळवला होता. अजून तरी कंपनी आलेली नाही.

25 टक्क्यांविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं का? मला 15 ते 20 योग्य वाटले असते. पण अपील केलं की कंपनीही आक्षेप घेऊन येते, आणि 20 टक्के कार्यात्मक अपंगत्व, म्हणजे कमाईवरचा परिणाम, हा आकडा आमच्या बाजूने बरा लागला होता. तो पुन्हा उकरू द्यायची माझी तयारी नव्हती. आम्ही अपील केलं नाही, कंपनीनेही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गोदामासमोरच्या दुकानाला कॅमेरा होता. ताई माझ्याकडे पाचव्या आठवड्यात आल्या, तोवर त्यावर नवं चित्रण चढून जुनं गेलं होतं. टेम्पो थांबला की नाही हे त्यात लख्ख दिसलं असतं. घरच्या कुणीतरी पहिल्या दोन दिवसांत दुकानदाराला चित्रण जपून ठेवायची विनंती आणि पोलिस ठाण्याला तसा अर्ज दिला असता तर पुढची अर्धी लढाई वाचली असती. आमच्या बाजूने लागली असती का, ते सांगता येत नाही, पण मला तो धोका चालला असता.

दवाखान्यातला जबाब तिसऱ्या दिवशी, वेदनाशामक औषधं चालू असताना झाला. जखमी माणूस स्वतःची चूक लगेच सांगतो, कारण तीच त्याच्या मनात घोळत असते. समोरच्याने काय केलं आणि काय केलं नाही, ते राहून जातं. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या, राहिलेलं लिहायला लावा, हे सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. त्या राहून गेलेल्या दोन ओळींनी कपात किती वाढवली ते मोजता येणार नाही.

कमाईचा पुरावा आम्ही उशिरा आणि अपुरा जमवला. डब्यांची वही होती, पण निम्मे ग्राहक रोख देणारे. यूपीआयचे उतारे आम्ही एका वर्षाचे लावले, तीन वर्षांचे लावायला हवे होते. 18,000 आणि 25,000 मधला फरक, गुणक लावून पाहिला तर, दोषातल्या कपातीच्या जवळ जातो.

आणि एक माझ्या बाजूचं. मावशी आणि भाची दोघींची वकील मीच होते. मावशीला पार्टी करायचं नाही हा निर्णय मावशीच्या सोयीचा होता. तो भाचीच्याही सोयीचा निघाला, कारण टेम्पोचा विमा चालू होता आणि पूर्ण रक्कम तिथून मिळाली. त्या टेम्पोचा विमा संपलेला असता तर भाचीचं हित मावशीविरुद्ध दावा करण्यात असतं, आणि तो सल्ला तिला माझ्याकडून मिळाला नसता. तिला वेगळा वकील बघ असं पहिल्याच दिवशी सुचवायला हवं होतं. आता एकाच अपघातातले चालक आणि मागे बसलेला असे दोघं एकत्र आले, तर मी एकाचंच वकीलपत्र घेते, आणि ऑफिसात चहा यायच्या आधी तसं सांगून टाकते.